नळाचा दिवस आणि ताईंचा गहू

गहू भिजत घातला की दुसऱ्या दिवसापासून घराला एक वास येऊ लागतो. आंबट म्हणावा तर आंबट नाही, गोड म्हणावा तर गोडही नाही. ओल्या पोत्याच्या वासाजवळ जाणारा, पण त्याहून जिवंत. चैत्र सरून ऊन डोक्यावर टेकलं की देऊळघाटच्या आमच्या गल्लीत हा वास एका घरातून दुसऱ्या घरात फिरतो, आणि कुणाकडे कुरडयांची तयारी सुरू झाली हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

आज सकाळी तो आमच्याच माजघरातून आला. पातेल्यावरचं झाकण काढलं तर गहू फुगून वर आला होता. एक दाणा नखाने दाबून पाहिला. अजून दूध सुटत नव्हतं, उद्या सुटेल. कालचं पाणी ओतून दिलं, ताजं घातलं, आणि हात पुसत न्हाणीघरात गेले तर समोर तो दांडा.

स्टीलचा दांडा आहे. अण्णांना धरून उठता यावं म्हणून भिंतीत बसवलेला. त्याच्या डाव्या टोकाखालची एक टाइल बाकीच्या टाइल्सशी जुळत नाही. बाकी सगळ्या मोतिया रंगाच्या, ही एकटी निळसर. नवा पाहुणा हात धुऊन बाहेर आला की विचारतोच, ही एकच अशी का? आम्ही हसतो आणि विषय बदलतो. त्या निळसर टाइलच्या मागे एक अख्खा उन्हाळा बसलेला आहे, तो पाहुण्याला उभ्याउभ्या कसा सांगणार?

अण्णा म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले भाऊ. यजमान गेले तेव्हा माझी मुलगी बोबडं बोलत होती. तेव्हापासून मी ह्या घरात राहिले ती जाऊबाईंच्या बळावर. मी त्यांना ताई म्हणायची. सकाळी जीपने बुलडाण्याला जाऊन तिथल्या वाचनालयात दिवसभर पुस्तकं द्यायची-घ्यायची, संध्याकाळी परत येऊन ताईंच्या हाताखाली उभं राहायचं, असं माझं आयुष्य गेलं. आता निवृत्त झाले आहे. मुलगी तिच्या घरी सुखात आहे.

आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत. मी शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली. पण नवी नवरी म्हणून आले तेव्हा गप्प राहणं सोयीचं वाटलं, आणि पुढे त्या गप्प राहण्याचीच सवय झाली. एकाच खोलीत आम्ही तिघं असायचो. अण्णा ताईंकडे बघून म्हणायचे, "तिले सांग, जीप निंघाली म्हना फाट्यावरून."

ताई माझ्याकडे वळायच्या. "ऐकलं काय वं?"

"ऐकलं म्हणावं," मी म्हणायची.

"ऐकलं म्हनते," ताई अण्णांना सांगायच्या, आणि मग कपाळावर हात मारून घ्यायच्या. "मी काय तार व्हय काय टेलिफोनची? बोला ना समोरासमोर, मी जातो वावरात!"

त्या वावरात जायच्या नाहीत आणि आम्ही बोलायचो नाही. अण्णांना पाणी हवं असलं तर ते रिकामा तांब्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायचे. त्याचा एक बारीक टण् असा आवाज व्हायचा. ज्या बाईचा हात मोकळा असेल ती तो भरून ओसरीवर ठेवायची. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे पाणी मागितलं नाही, आणि मी त्यांना पाणी दिलं नाही असा एक दिवसही गेला नाही.

ताईंना वाचता येत होतं, पण अक्षर जुळवत वाचण्यात त्यांना गंमत वाटत नसे. त्यांना ऐकायला आवडायचं. कुरडयांचा चीक चुलीवर चढला की त्या लाकडी घोटणा दोन्ही हातांत धरून घोटत असायच्या आणि मी पाटावर बसून वाचत असायची. चीक खाली लागू द्यायचा नसतो, म्हणून त्यांचा हात थांबत नसे, आणि माझा आवाज थांबला की त्या लगेच ओरडायच्या, "वाच ना वं, थांबली काऊन?" त्यांना प्रवासाची पुस्तकं लागत. त्यातही समुद्राची. शेगावच्या पलीकडे फारशा न गेलेल्या त्या बाईला बंदरं, गलबतं, लाटा ह्यांचं वेड होतं. एकदा मी वाचताना म्हणाले, की समुद्राचं पाणी खारट असतं, पिता येत नाही. त्यांचा हात तेवढ्यापुरता थांबला.

"इतकं पानी? अन् घोटभर पेता येत नाही?" मग पुन्हा घोटत म्हणाल्या, "मंग ते लोकं जहाजावर नळाची वाट पाह्यत असतीन, आपल्यावानी."

ओसरीवर अण्णा सुताची दोरी वळत बसलेले असायचे. ते ऐकतात असं आम्हाला कधी वाटलं नाही.

ताई गेल्या त्या फाल्गुनात. अंथरुणाला फार दिवस खिळल्या नाहीत. त्याआधीच त्यांनी कुरडयांचा गहू निवडून ठेवला होता. दाणा न् दाणा पाहून, खडे काढून, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरलेला. त्या वर्षी आमच्या घरी कुरडया होणार नव्हत्याच. दुःखाचं वर्ष असलं की घरात पापड-कुरडया करत नाहीत, गल्ली आणून देते. गल्लीने दिल्या, भरभरून दिल्या. मी कोठीला हात लावला नाही. वर्षभर अधूनमधून झाकण उघडून पाला तेवढा बदलायची. गव्हात हात घातला की तो आतून गार लागतो. त्या गारव्यासाठी मी जरा जास्तच वेळ पाला बदलत असे, हे खरं.

त्या वर्षात घरात एक नवी अडचण झाली. तार तुटली होती. नितीन म्हणजे ताईंचा मुलगा, तो कामाला बुलडाण्याला. त्याची बायको वैशाली अंगणवाडीत. दिवसभर घरात अण्णा आणि नुकतीच निवृत्त झालेली मी. ते खांबाला सांगत, "ऊन लय तापून राह्यलं." मी चुलीला सांगत असे, "जेवण झालं आहे म्हणावं." मध्ये कुणी नसल्यामुळे ती वाक्यं तशीच पडून राहत. तांब्याचा टण् आवाज मात्र रोज होई.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या वैशाखात दोन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्या. मी कोठीतला गहू काढला. आणि नितीनने न्हाणीघर फोडलं.

अण्णांचे गुडघे वाकेनात, म्हणून कमोड बसवायचा होता. एवढंच काम. पण गजू मिस्त्री एकदा घरात शिरला की एवढंच काम असं काही उरत नाही. त्याने भिंतीवर हात ठेवला आणि डॉक्टरसारखा तोंड वाकडं करून म्हणाला, "नितीनभाऊ, पाइप सडले. आता काढलेच हायेत तं सगळं भिंतीच्या आतून घेऊ. बाहेरून काहीच दिसनार नाही. पुन्यात असंच असते." पुण्याचं नाव निघाल्यावर नितीनचं काही चाललं नाही. अंगणातला जुना नळ निघाला. त्याच्या जागी प्लास्टर आलं. त्या नळाखाली आमच्या पिढ्यांनी घागरी ठेवून दगडाला खळगा पाडला होता. खळगा तेवढा राहिला. पाइप भिंतीत गेले, भिंतीवर मोतिया टाइल्स आल्या, आणि शेवटी तो दांडा आला. गजूने ड्रिल लावून चार भोकं पाडली, दांडा ठोकला, आणि स्वतः त्याला लोंबकळून दाखवलं. "पाहा अण्णा! म्हैस बांधली तरी हालनार नाही."

आमच्या गावात नळ रोज येत नाही, हे इथे सांगायला हवं. मधले कितीतरी दिवस पाइप कोरडे असतात. भिंतीतल्या कोरड्या पाइपला भोक पडलं तर कुणाला कळणार? आमच्याकडे चूक उघडी पडायलाही नळाचा दिवस यावा लागतो.

तो आला. गहू भिजायला घातल्याचा तिसरा दिवस होता. सकाळी गल्लीच्या टोकाकडून आरोळी झाली, "नळ येऊन राह्यले वो!" आणि गल्लीभर भांड्यांचा खडखडाट सुरू झाला. नळाच्या दिवशी आधीचं शिळं पाणी काढून टाकायचं, भांडी राखेने घासायची, आणि मग ताजं भरायचं, ही ताईंची शिस्त. घरातल्या कुणी ती कधी मोडली नव्हती. मी आणि वैशालीने ड्रम आडवे केले. माठ पालथा घातला. रांजणातलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला गेलं. हौदाच्या तळाचं वैशालीने खराट्याने लोटून दिलं. गव्हावरचंही पाणी मी काढून टाकलं, ताजं घालू म्हणून. घर पार कोरडं करून, पदर खोचून, आम्ही दोघी नव्या चकचकीत नळासमोर उभ्या राहिलो. वैशालीने तो फिरवला.

नळातून सूंऽऽ अशी हवा आली. पाणी येण्याआधी येते तशीच. मग तो गप्प झाला. आणि भिंत बोलायला लागली.

आधी नुसती गुळगुळ. मग दांड्याच्या डाव्या टोकापाशी टाइलच्या सांध्यातून एक पातळ धार निघाली, ती बघता बघता पंख्यासारखी पसरली आणि समोरच्या भिंतीवर आदळली. बाहेरून लीलाबाईंचा आवाज आला. लीलाबाई आमच्या शेजारीण, ताईंची सगळ्यात जुनी मैत्रीण आणि गल्लीतली सगळ्यात तिखट जीभ. "वं वैशाली, तुमच्या जोत्यातून झरा फुटला वं! आमच्या कोंबड्या पेऊन राह्यल्या!" अर्धं पाणी टाइल्सच्या मागून उतरून जोत्याच्या फटीतून गल्लीत चाललं होतं. बंद करावं तर बाहेरचा कॉक गजूने प्लास्टरखाली गाडलेला. वैशाली तशीच ओल्या साडीने गजूला शोधायला पळाली.

मी न्हाणीघराच्या दारात उभी. अण्णा कधी आत शिरले कळलं नाही. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा त्या भोकावर दाबून धरला होता, धोतर भिजलं होतं, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी तोच नवा दांडा घट्ट धरला होता. निदान तो हलत नव्हता.

"कोनी हाय काय?" ते भिंतीला म्हणाले. "बादली आना म्हना!"

"बादली आणली म्हणावं," मी दाराच्या चौकटीला म्हणाले, आणि बादली आत सरकवली.

"दुपट्ट्यातून धार निंघत नाही म्हना!"

"दुपट्टा जरा सैल करा म्हणावं!"

घरात दुसरं कुणी नव्हतं. आम्ही दोघं वयस्क माणसं, गुडघ्यापर्यंत भिजलेली, घरात नसलेल्या एका तिसऱ्या माणसाशी ओरडून बोलत होतो. मला हसू फुटलं. आणि तेवढ्यात अण्णांनी मान वळवली. सरळ माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, एकदम काहीतरी आठवल्याची घाबरगुंडी होती.

"सुमन! गहू उघडा पडला! तो आन आधी!"

मी माजघराकडे धावले. तिसऱ्या दिवसाचा फुगलेला गहू, पाणी काढलेला, वैशाखाच्या हवेत उघडा. असा राहिला तर दुपारपर्यंत तापतो आणि आंबतो. दुसरा कुठलाही असता तर बाजारातून नवा आणला असता. पण हा ताईंच्या बोटांखालून गेलेला गहू होता आणि तो एवढाच होता. पातेलं उचलवेना, म्हणून मी ते फरशीवरून ओढत आणलं, बुडाचा कर्कश आवाज करत. अण्णांनी दुपट्टा बाजूला केला. "थांब जराशी, सिमेटाचं पानी जाऊ दे." धार निवळली. मी पातेल्यावर पदराचं फडकं धरलं, त्यांनी तळव्याने धारेला वळण दिलं, आणि भिंतीतून निघालेलं ते पाणी फडक्यातून गाळून गव्हावर पडायला लागलं. दाणे खालून वर, वरून खाली फिरत होते. पातेलं काठोकाठ भरलं तसे अण्णा लहान मुलासारखे म्हणाले, "बुडला! बुडला सगळा!"

नंतर दोन-चार बादल्या धरल्या आणि नळ गेला.

गजू मिस्त्री आला तेव्हा भिंत शांत झाली होती. त्याने भोकात बोट घातलं आणि म्हणाला, "ड्रिल बरोबर पाइपातूनच गेलं की!"

"मिस्त्री, तुम्ही मोरी बांधली का कारंजं?" वैशालीने विचारलं.

"वहिनी, तवा लाइन कोरडी व्हती ना! मले काय सपन पडलं व्हतं काय, पाइप कुठून गेला ते?"

"तूच घातला ना बे तो पाइप?" अण्णा म्हणाले.

गजू विचारात पडला. "हाव," तो म्हणाला. "ते बी खरंच हाय."

इतके मनापासून हसलो आम्ही, की ताई गेल्यानंतर त्या न्हाणीघराच्या भिंतींनी पहिल्यांदाच तो आवाज ऐकला असेल. भिंती नव्या होत्या, तेवढं सोडून. हसून झाल्यावर गजूने तिथली टाइल फोडून पाइप सांधला, आणि मोतिया टाइल्स संपल्या होत्या म्हणून एक निळसर बसवली.

मग सुरू झाले कोरडे दिवस. पुढचा नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि आमच्याकडे दोन-चार बादल्या. मी पुस्तकांतून पाण्याविषयी पुष्कळ वाचलं आहे. पण पाणी म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत माझ्या हाताने शिकवलं. हात आपोआप जातो. चहाचा कप विसळायला जातो, कणकेची बोटं धुवायला जातो, भाजी चिरली की सुरीखाली धरायला जातो. नळ कोरडा आहे हे डोक्याला पक्कं ठाऊक असतं, हाताला नसतं. तो पुन्हा पुन्हा नळ फिरवतो आणि रिकामा परत येतो. मला ही ओळख जुनी होती. वर्षभर माझा हात असाच संध्याकाळी दोन कप चहा ओतत आला होता.

आणखी एक कळलं. पाणी नसलं की घरातलं बोलणंही अडतं. आपण किती वाक्यं पाण्यावर बोलतो! पाणी तापलं का, पाणी घेतलं का, जेवायला बसा पाणी घेते. नळ गेला त्याच दुपारी वैशालीचे वडील रोहिणखेडहून अचानक आले. उन्हाने लाल झालेले, हातात पिशवी, दारात उभे. आपल्याकडे पाहुण्याला पहिला शब्द 'या' आणि दुसरा 'पाणी'. मी 'या' म्हणाले आणि तिथेच थांबले. पाय धुवायला पाणी नाही, प्यायला तांब्या नाही. बादल्यांतलं पाणी भिंतीतलं, ते पाहुण्यापुढे कसं ठेवणार? वैशाली मागच्या दाराने लीलाबाईंकडे पळाली आणि मी त्यांना बोलण्यात गुंतवलं. यंदा कापूस कसा, मोताळ्याचा रस्ता झाला का, आत्याबाईंची तब्येत कशी. ते उत्तरं देत होते आणि जिभेने ओठ ओले करत होते. शेवटी त्यांनीच पिशवीत हात घातला आणि भलंमोठं टरबूज काढलं. "पोरीसाठी आनलं. चिरा आता, तोंड सुकून राह्यलं." चिरलं तर आत लालबुंद. त्यांनी फोडीत तोंड खुपसलं, रस हनुवटीवरून ओघळला, आणि मी मनात हात जोडले. पाणी नसलेल्या घरी पाहुणाच पाणी घेऊन आला होता. बियांसकट आम्ही सगळ्यांनी खाल्लं. अण्णांनी साल गाईला घातली आणि तेवढ्यात वैशाली धापा टाकत तांब्या घेऊन आली.

तिच्यामागे लीलाबाई होत्या. त्यांनी नवं न्हाणीघर पाहिलं, दांडा हलवून पाहिला, आणि निवाडा दिला. "टाइल्सा अशा का तोंड पाह्यून घ्यावं. अन् घरात प्याले पानी नाही!" मग माजघरात जाऊन झाकण उचललं, दाणा दाबला. दूध सुटलं. त्यांनी झाकण हलकेच परत ठेवलं. तो गहू कुणी निवडलेला आहे, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"उद्या वाटाले लागते," त्या म्हणाल्या. "पानी किती हाय?"

"चिकापुरतं नाही," मी म्हणाले.

बोअरचं पाणी होतं. गल्लीच्या तोंडाशी एक बोअर आहे. पण ते खारं. त्यात डाळ शिजत नाही, आणि त्यातली कुरडई पिवळट होऊन तळताना फुलत नाही. चीक वाटायला पाणी, पिळायला पाणी, निवळायला पाणी, शिजवायला पाणी. कुरडई दिसते कोरडी ठणठणीत, पण तिच्यात जितकं पाणी जिरलेलं असतं तितकं आमच्या एखाद्या लग्नातही लागत नाही. गोडं पाणी प्रत्येकीच्या घरी होतं, आणि प्रत्येकीने ते पुढच्या नळापर्यंत पुरवायचं होतं. ते मागायला माझी जीभ उचलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर ओट्यावर एक कळशी होती. तांब्याची, तोंडावर ओलं फडकं. मी ती आत ठेवून येते तोवर तिथे एक स्टीलची बादली आली. मग एक प्लास्टिकचा डबा. कुणी आवाज दिला नाही, कुणी थांबलं नाही. वाटणाला बायका आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुन्हा भांडी. मी काही बोलायला गेले तर लीलाबाई अंगावर आल्या. "मले काय सांगतं? तुही जाऊबाई जितकी वर्षं व्हती तितकी वर्षं माह्या घरच्या कुरड्या तिनंच घोटल्या. आता मुकाट्यानं गहू वाट."

वाटलेला गहू पिळला, फडक्यातून गाळला, आणि परातीत, गंजात, मिळेल त्या भांड्यात चीक निवळायला ठेवला. वर पिवळसर पाणी, खाली दह्यासारखा पांढरा थर. आंबला नव्हता. मी बोटाने चाखून पाहिला, लीलाबाईंनी चाखला, वैशालीने चाखला. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. वरचं पाणी गाईला गेलं.

ह्या सगळ्यात अण्णा पुन्हा गप्प झाले होते. त्या एका हाकेनंतर आमच्यात एक शब्द झाला नव्हता. मी दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, काहीतरी बोलावं म्हणून, आणि परत आले. उंबऱ्यावर तांब्या टण् वाजला. मी भरून ठेवला. भिंतीतून पाणी उसळलं म्हणून माणूस चुकून बोलून गेला, आता सगळं पूर्ववत, असं मी स्वतःला सांगितलं. पण सांगितल्याने बरं वाटलं नाही. ताई असताना आमचं न बोलणंही तिघांचं होतं. आता ते नुसतं न बोलणं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंगणात चूल पेटवली. गल्लीच्या पाण्याला आधण आलं, मीठ पडलं, वरून चीक ओतला. घोटणा लीलाबाईंनी धरला. चीक घट्ट होत गेला, चकाकू लागला, त्याला बुडबुडे यायला लागले आणि तो वास सुटला. हा वास म्हणजे आमचा उन्हाळा. बाजेवर धुतलेलं धोतर पसरलं होतं, सोऱ्या तेल लावून तयार. मी पाटावर बसले होते. सवयीने पाटावर बसले, आणि हात मांडीवर मोकळे पडले. पुस्तक नव्हतं. ते मी वर्षभर उघडलंच नव्हतं. समुद्रप्रवासाचं, जाडजूड, वादळात सापडलेल्या जहाजापाशी गव्हाची काडी ठेवून आम्ही थांबलो होतो. ताईंनी तेव्हा विचारलं होतं, पोचते काय वं ते? मी म्हटलं होतं, उद्या वाचू.

लीलाबाईंनी वाटीत गरम चीक घातला, त्यावर साखर आणि तुपाची धार. एक वाटी देवापुढे, एक अण्णांना. वैशाली ओसरीवर देऊन आली.

ओसरीवरून अण्णांचा घसा साफ केल्याचा आवाज आला. मग ते खांबाला म्हणाले, नेहमीसारखे, "ते जहाज पोचलं काय म्हना?"

चुलीजवळच्या सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. मी खांबाकडे पाहत राहिले. दोरी वळता वळता हा माणूस इतकी वर्षं आमच्याबरोबर समुद्रावर होता.

"माहीत नाही म्हणावं," मी म्हणाले. "पुढचं वाचलं नाही."

मी आत गेले, पुस्तक काढलं, काडी होती तिथेच होती. अंगणातल्या पाटावर नाही, ह्या वेळी ओसरीच्या पायरीवर बसले, म्हणजे आवाज दोन्हीकडे जाईल. आणि वाचायला लागले. घोटणा फिरत होता, सोऱ्यातून कुरडयांची गोल जाळी धोतरावर पडत होती, पांढरी, ओली, उन्हात चमकणारी. जहाजाचं शीड फाटलं. गोड्या पाण्याची पिंपं वाहून गेली. "आता गं माय!" कुणीतरी म्हणालं. एका पानावर मी थांबले, तर चुलीपाशी बसलेल्या लीलाबाईंनीच दटावलं, "थांबली काऊन?" बाज भरली, दुसरी टाकली, तीही भरत आली. जहाजाला जमीन दिसली. खलाशी किनाऱ्यावर उतरले आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल तर ते ओढ्यात पालथे पडून पाणी प्याले.

"पोचलं," मी म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

ओसरीवर वाटी खाली टेकली. मग पावलांचा आवाज झाला. अण्णा उंबऱ्याकडे निघाले होते. हातात रिकामा तांब्या. मी कान देऊन होते, आता टण् वाजेल.

वाजलं नाही. ते पायरीपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या मिशीला तूप लागलं होतं. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला.

"सुमन," ते म्हणाले, "पानी दे."

मी उठले आणि तांब्या भरून दिला. पाणी लीलाबाईंच्या कळशीतलं होतं.